आधीं स्नान, मग दर्शन

पंढरीच्या वाळवंटांत उतरलेला वारकरी आधीं चंद्रभागेंत बुडी मारतो आणि मग विठ्ठलाच्या दर्शनाला निघतो. आळंदीस इंद्रायणीच्या घाटावर किंवा नाशकास रामकुंडावर हाच क्रम दिसतो. आधीं स्नान आणि मग दर्शन हा रिवाज महाराष्ट्राच्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं त्याचा अर्थ काय, असें सहसा कोणी विचारीत नाहीं. अंगावरची धूळ गेल्यावांचून डोळ्यांना मोठें कांहीं पाहण्याची योग्यता येत नाहीं, असा कांहींसा तो अर्थ असावा.

फ्रान्स देशाच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सरहद्दीलगत, रूबे नांवाचें एक गिरण्यांचें शहर आहे. तेथील एका इमारतीनें हाच क्रम आपल्या परीनें पाळला आहे. त्रेपन्न वर्षें त्या इमारतींत गांवानें स्नान केलें. पुढें सोळा वर्षें तिला कुलूप होतें. २००१ सालापासून त्याच इमारतींत गांव पुन्हा जाऊं लागलें, तें मात्र दर्शनासाठीं. आणि हें दर्शन चित्रांचें, शिल्पांचें व विणलेल्या वस्त्रांचें. कागदोपत्रीं या संग्रहालयाचें नांव लांबलचक आहे. लोक त्याला 'ला पिसीन' म्हणजे 'पोहण्याचा तलाव' एवढेंच म्हणतात. पोहण्याच्या तलावांत कलेचें प्रदर्शन मांडावें, ही कल्पना प्रथम ऐकणारास विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. ती तशी कां नाहीं, हें समजण्यासाठीं हा तलाव मुळांत कोणत्या गरजेंतून जन्मास आला, तें आधीं पाहिलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं रूबे हें सुमारें आठ हजार वस्तीचें गांव होतें. शतक संपतां संपतां तेथें सव्वा लाखाच्या आसपास माणसें राहूं लागलीं होतीं. या वाढीचें मुख्य कारण म्हणजे लोकरीचा धंदा. लोकर विंचरावयाची, तिचें सूत काढावयाचें, तें विणावयाचें, रंगवावयाचें आणि कापड देशोदेशीं पाठवावयाचें, या एका उद्योगाभोंवतीं सारें शहर उभें राहिलें. 'हजार धुराड्यांचें शहर' असें त्याला म्हणत. कामाच्या आशेनें सरहद्दीपलीकडून बेल्जियन मजूर इतके आले कीं एके काळीं शहरांत फ्रेंचांपेक्षां त्यांचीच संख्या अधिक होती. १९११ सालीं तेथें मोठें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें. शहराची श्रीमंती त्या प्रदर्शनांत जगाला दिसली. ज्या श्रमांतून ती निर्माण झाली होती ते श्रम करणारा माणूस मात्र भलत्याच जागीं राहत होता.

त्या जागेला तेथील लोक 'कूरे' म्हणतात. रस्त्याकडेला दुकानें आणि बऱ्या स्थितींतल्या लोकांचीं घरें; दोन घरांच्या मधून एक अंधारी बोळ आंत जाते; ती एका चिंचोळ्या अंगणांत उघडते आणि त्या अंगणाच्या दोन्ही बाजूंस एकमेकांना चिकटलेलीं इवलालीं घरें दिसतात. साऱ्या अंगणांत मिळून पाण्याचा एक नळ किंवा पंप, आणि टोकाला सामाईक शौचकूप. मुंबईच्या गिरणगांवांतील चाळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना याहून अधिक वर्णनाची गरज नाहीं. फरक आहे तो हवेचा. मुंबईचा गिरणी-कामगार पहाटे नळाखालीं दोन तांबे अंगावर ओतून कामाला निघूं शकत असे. रूबेच्या हिंवाळ्यांत तें शक्य नव्हतें. पाणी तापवावयाचें तर कोळसा विकत घ्यावा लागे, आणि तापविलेलें पाणी अंगावर घेण्यास आडोशाची जागा घरांत नसे. दिवसभराचा घाम, यंत्राचें तेल आणि लोकरीची कूस अंगावर बाळगूनच माणूस निजे.

अशा वस्तींत क्षयरोग ठाण मांडून बसला तर नवल नाहीं. शेजारच्या लील शहरांत काल्मेत आणि गेरें या दोघां संशोधकांनीं क्षयावरची लस सिद्ध केली व १९२१ सालीं ती प्रथम माणसाला दिली गेली. ज्यांच्या नांवांचीं आद्याक्षरें बी.सी.जी. या नांवांत आज घरोघर पोंचलीं आहेत, तेच हे दोघे. लस ही वैद्यांची बाजू झाली. उजेड, मोकळी हवा आणि स्वच्छ पाणी मिळवून देणें ही नगरपालिकेची बाजू होती. त्या काळचे सुधारक ही दुसरी बाजू पहिलीइतकीच महत्त्वाची मानीत.

१९१२ सालीं झां-बातीस्त लबा हे रूबेचे नगराध्यक्ष झाले. ते समाजवादी पक्षाचे, आणि जन्मानेंहि रूबेचेच. शहराच्या मजुरांना आंघोळीची सोय हवी हें सर्वांनाच पटत होतें. चार भिंती, पत्र्याचें छप्पर आणि नळांची एक रांग इतक्यावर हें काम भागविणें कोणाहि नगरपालिकेला सोपें गेलें असतें, आणि त्याबद्दल तिला कोणी दोषहि दिला नसता. लबा यांनीं तसें केलें नाहीं. गिरणींत राबणाऱ्याला जें द्यावयाचें तें उत्तमांतलें उत्तम असावें, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनीं लील येथील आल्बेर बार्त या स्थापत्यविशारदास पाचारण केलें. सार्वजनिक स्नानगृहें बांधण्यांत त्यांचा हात आधींच बसलेला होता. १९२७ सालीं काम सुरू झालें आणि १९३२ सालीं तलाव लोकांसाठीं खुला झाला.

बार्त यांनीं नकाशासाठीं आदर्श घेतला तो ख्रिस्ती मठाचा. सिस्टर्शियन पंथाच्या मठांत मध्यभागीं चौकोनी बाग असते, बागेभोंवतीं इमारतीचे सोपे असतात आणि एका बाजूला उंच छताचें प्रार्थनामंदिर असतें. रूबेला बाग जशीच्या तशी ठेवली. बागेभोंवतींच्या सोप्यांत टबांचीं स्नानगृहें आलीं. आणि प्रार्थनामंदिराच्या जागीं आला पोहण्याचा तलाव: पन्नास मीटर लांबीचा, वर कमानदार छत, दोन्ही बाजूंस दोन मजले भरून तुषारस्नानाच्या व कपडे बदलण्याच्या लहान लहान खोल्या. तलावाच्या दोन टोकांच्या भिंतींत रंगीत कांचांच्या दोन प्रचंड अर्धवर्तुळाकार खिडक्या बसविल्या. एकींत उगवता सूर्य, दुसरींत मावळता. ढगाळ आभाळाच्या आणि धुराच्या त्या शहरांत ज्याला दिवसचे दिवस सूर्य दिसत नसे, त्याला पोहतां पोहतां डोक्यावर सूर्य दिसावा अशी ही योजना होती. या दोन सूर्यांचा पिवळा-केशरी उजेड पाण्यावर पडे आणि पाणी हललें कीं भिंतींवर नाचे.

इमारतींत स्नानाखेरीज इतरहि सोयी होत्या. वाफेच्या स्नानाची जागा होती, केशकर्तनालय होतें, नखें घासूनपुसून नीट करण्याची व्यवस्था होती, उपाहारगृह होतें, आणि कपड्यांसाठीं मोठें धुलाईघर होतें. ज्या सुखसोयी तोंपर्यंत श्रीमंतांच्या मानल्या जात, त्या नगरपालिकेनें एका छताखालीं आणून ठेवल्या. नियम मात्र कडक होते. तलावांत उतरण्यापूर्वीं प्रत्येकानें तुषारस्नान केलेंच पाहिजे. गिरणीमालकाचा मुलगा असो वा सूत जोडणाऱ्या बाईचा, साबण लावून अंग धुतल्यावांचून पाण्याकडे जाण्याची वाटच नव्हती. कपड्यांवरून माणसाची पायरी सहज ओळखूं येते. कपडे खोलींत राहिले कीं ओळखण्याचें तें साधन नाहींसें होतें. रूबेमध्यें गरीब आणि श्रीमंत यांच्या वस्त्या निराळ्या, शाळा निराळ्या, उपाहारगृहें निराळीं होतीं. त्या शहरांत हा तलाव दोघांची गांठ घालणारी एक विरळा जागा ठरली. पिढ्यान्‌पिढ्या तेथील मुलें शाळेच्या रांगेंतून येथें आलीं आणि येथेंच पोहावयास शिकलीं.

ही गोष्ट किती असाधारण होती, हें दुसऱ्या एका कापडाच्या शहराकडे पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें. इंग्लंडांत मँचेस्टर येथें १९०६ सालीं व्हिक्टोरिया बाथ्स या नांवानें एक भव्य स्नानगृह उघडण्यांत आलें. रंगीत कांचा, चकचकीत लाद्या, नक्षीचे जिने, कशाचीहि तेथें वाण नव्हती. पण तलाव तीन होते: पुरुषांचा पहिल्या वर्गाचा, पुरुषांचा दुसऱ्या वर्गाचा आणि बायकांचा; आणि तिन्हींचीं प्रवेशद्वारें निरनिराळीं. विहिरीचें ताजें पाणी आधीं पहिल्या वर्गाच्या तलावांत सोडीत. तेथें वापरून झाल्यावर तेंच दुसऱ्या वर्गाकडे जाई, आणि सर्वांत शेवटीं बायकांच्या वांट्यास येई. हेंहि स्नानगृह १९९३ सालीं बंद पडलें. नागरिकांनीं तें वांचविण्याची चळवळ केली, २००३ सालीं दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय स्पर्धेंत प्रेक्षकांच्या मतांनीं त्याला दुरुस्तीसाठीं पैसा मिळाला, आणि तेव्हांपासून त्याच्या कोरड्या तलावांतहि कलेचीं प्रदर्शनें भरत आलीं आहेत. मँचेस्टरला जाणारा प्रेक्षक दारावर कोरलेले वर्गभेदाचे शब्द वाचूनच आंत शिरतो. रूबेला तलाव एक आणि पाणीहि एक होतें.

हें एक पाणी ज्यांनीं शहराला दिलें त्या लबा यांची पुढची हकीकत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. १९३६ सालीं लेओं ब्लूम यांच्या मंत्रिमंडळांत ते मजूरमंत्री झाले. फ्रान्समधील कामगारास वर्षांतून दोन आठवड्यांची पगारी रजा मिळावी आणि आठवड्याचे कामाचे तास चाळीस असावे, हे दोन कायदे त्यांच्याच कारकीर्दींत झाले. म्हणजे पोहण्याला तलाव आधीं बांधला आणि पोहण्याला सवड मागाहून मिळवून दिली, असें त्यांच्याविषयीं म्हणतां येईल. १९४० सालीं जर्मन फौजा आल्या आणि लबा यांचें नगराध्यक्षपद गेलें. त्यांनीं गुप्तपणें प्रतिकाराची चळवळ चालविली. १९४१ सालीं त्यांना पकडण्यांत आलें आणि १९४४ सालीं जर्मनांच्या सोनेनबुर्ग येथील बंदिवासांत त्यांचा अंत झाला. त्यांनीं बांधलेल्या तलावांत मुलें मात्र पुढेंहि चाळीस वर्षें पोहत राहिलीं.

महायुद्धानंतर, विशेषतः १९७० नंतरच्या दशकांत, लोकरीचा धंदा खचत गेला. परदेशचें स्वस्त कापड आणि कृत्रिम धागे यांच्यापुढें जुन्या गिरण्यांचा टिकाव लागेना. एकेक धुराडें थंड झालें. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगांवानें जें पाहिलें, तें रूबेच्या लोकांनींहि आपल्या डोळ्यांदेखत पाहिलें: भोंगा बंद, फाटकाला कुलूप आणि नाक्यावर रिकामटेकडीं उभीं राहिलेलीं हाताच्या कसबाचीं माणसें. 'लेनियेर द रूबे' ही शहराच्या नांवानें चालणारी जंगी लोकर-गिरणीहि अखेर २००० सालीं बंद झाली. तलावाचा शेवट त्यापूर्वींच आला होता. त्याच्या कमानदार छताला दुर्बळपणा आला, खालीं पोहणाऱ्यांच्या जिवाला धोका आहे असें ठरलें, आणि १९८५ सालीं पाणी सोडून देऊन दारें लावण्यांत आलीं.

याच शहरांत आणखी एक बेघर वस्तु होती. ती म्हणजे शहराचें संग्रहालय. त्याचा आरंभ १८३५ सालीं झाला, आणि तोहि थोरामोठ्यांच्या चित्रांनीं झालेला नाहीं. गांवांतल्या गिरण्यांत विणल्या जाणाऱ्या कापडाचे नमुने गोळा करून ठेवावे, म्हणजे पुढच्या विणकराला आणि नकशीकाराला ते पाहतां येतील, या व्यवहारी हेतूनें तो झाला. पुढें चित्रें आलीं, शिल्पें आलीं, चिनी मातीचीं भांडीं आलीं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं तें संग्रहालय बंद पडलें तें पुन्हा उघडलेंच नाहीं. त्याच्या वस्तु कोठाराकोठारांतून पांगल्या. रिकामी पडलेली इमारत आणि घराला मुकलेला संग्रह अशीं दोघें एकाच गांवांत वर्षानुवर्षें पडून होतीं.

या दोहोंची गांठ घालण्याची कल्पना १९९० च्या सुमारास आकारास आली. संग्रहाची जबाबदारी ब्रूनो गोदिशों यांच्याकडे होती आणि नगराध्यक्ष होते आंद्रे दिलिजां. संग्रहालयाच्या अधिकृत नांवांत आज याच दिलिजां यांचें नांव आहे. इमारतीच्या फेरबांधणीचें काम झां-पोल फिलिपों यांच्याकडे सोंपविलें गेलें. पॅरिसमधील ओर्से नांवाच्या जुन्या आगगाडीच्या स्टेशनाचें १९८६ सालीं संग्रहालय झालें, त्या कामांतल्या तिघां स्थापत्यविशारदांपैकीं ते एक होते. एका कामासाठीं बांधलेली वास्तु दुसऱ्या कामाला लावतांना तिचा पहिला स्वभाव मारूं नये, हें त्यांना अनुभवानें कळलेलें होतें.

रूबेला या तत्त्वाची खरी कसोटी होती ती पाण्यापाशीं. चित्रें, कापड आणि कागद यांना दमट हवेचें भय असतें. संग्रहालयांतून पाणी जितकें दूर राहील तितकें बरें, हा सर्वमान्य नियम आहे. तलाव कोरडा करून, वर जमीन घालून, एक प्रशस्त दालन काढलें असतें तर जागाहि वाढली असती आणि काळजीहि मिटली असती. पण मग तो तलाव उरला नसता. अखेर मध्यम मार्ग निघाला. दोन्ही कडांनीं फळ्यांची जमीन केली, तिच्यावर शिल्पें उभीं केलीं, आणि मधोमध पाण्याचा एक लांबच लांब पट्टा जिवंत राखला. भिंतीवरच्या एका मुखवट्याच्या तोंडांतून त्यांत पाण्याची धार पडते, पूर्वींहि पडत होती तशी. २१ ऑक्टोबर १९०१ नव्हे, तर बरोबर एका शतकानंतर, म्हणजे २००१ सालच्या ऑक्टोबरांत, संग्रहालयाचीं दारें उघडलीं.

आजचा प्रेक्षक तेथें शिरतो तो एका जुन्या गिरणीच्या विटांच्या भिंतींतून. रस्त्याचें नांव आहे 'आशेचा रस्ता'. भिंत तेवढी शिल्लक आहे. तिच्यामागची गिरणी केव्हांच गेली. आंत येतांच मठासारखी ती बाग लागते. बागेंत झाडें लाविलीं आहेत तींहि निवडून: ज्यांपासून धागा निघतो किंवा रंग निघतो अशीं. ज्या वनस्पतींनीं गांवाला भाकरी दिली त्यांच्यामधून चालत प्रेक्षक जुन्या स्नानगृहांच्या सोप्यांत येतो. जेथें टब होते तेथें आतां चित्रें आहेत.

त्यांतलें एक चित्र पाहण्यासाठीं गांवचे लोक हटकून थांबतात. रेमी कॉग या रूबेच्याच चित्रकारानें १८८९ सालीं काढलेलें तें कोंबड्यांच्या झुंजीचें चित्र आहे. झुंज हा त्या मुलखाचा जुना षोक. कॉग यानें दोन कोंबड्यांपेक्षां अधिक मन घातलें आहे तें भोंवतालच्या बघ्यांत. चढत्या बाकांवर माणसें दाटीवाटीनें बसलीं आहेत. कोणाच्या डोक्यावर उंच टोपी, कोणाच्या डोक्यावर कामकऱ्याची साधी टोपी. आणि डोळे साऱ्यांचे एकाच जागीं खिळलेले. कांहीं क्षण तरी त्या गर्दींत कोणी मालक नाहीं आणि कोणी नोकर नाहीं. ज्या इमारतींत हें चित्र टांगलें आहे तिच्या पूर्वायुष्याशीं त्याचें किती जवळचें नातें आहे, हें वेगळें सांगावयास नको.

मग येतें तें मोठें दालन. दाराशीं आलेला माणूस प्रथम वर पाहतो, कारण उगवता सूर्य आणि मावळता सूर्य अजून आपापल्या जागीं आहेत. मग तो खालीं पाहतो, कारण तेच सूर्य पाण्यांत उतरलेले दिसतात. पाण्याच्या दोन्ही कांठांना संगमरवराचीं, ब्राँझचीं, मातीचीं माणसें ओळीनें उभीं आहेत. कोणी केस बांधते आहे, कोणी खालीं वाकलें आहे, कोणी नुसतेंच उभें आहे. शिल्पकारांनीं हीं नग्न शरीरें आपापल्या शिल्पशाळांत निरनिराळ्या निमित्तांनीं घडविलीं. येथें तीं अशीं दिसतात कीं जणूं आतांच पाण्यांतून वर आलीं आहेत किंवा उतरूं कीं नको असा विचार करीत आहेत. इतर संग्रहालयांत नग्न शिल्पापुढें नवखा प्रेक्षक किंचित्‌ अवघडतो. येथें तो अवघडत नाहीं. तलावाच्या कांठीं कपडे नसणें यांत संकोच तो कसला?

एका टोकाला सेव्र येथील प्रसिद्ध कारखान्यांत घडविलेली भाजल्या मातीची एक प्रचंड कमान उभी आहे. बाजूंच्या दोन मजल्यांवर त्या जुन्या खोल्या तशाच आहेत. पूर्वीं ज्या खोलींत साबणाची वडी आणि ओला पंचा असे, तेथें आतां कांचेमागें फुलदाण्या, पोषाख, विणलेलें कापड मांडलेलें आहे. पिकासोनें केलेलीं मातीचीं भांडींहि आहेत. लाद्या त्याच, आणि भिंतींतले नळहि पुष्कळ ठिकाणीं तसेच. कापडाच्या हजारों नमुन्यांसाठीं स्वतंत्र दालन आहे, आणि १८३५ सालीं ज्या हेतूनें ते जमविण्यास प्रारंभ झाला त्या हेतूसाठीं ते आजहि अभ्यासकांना पाहावयास मिळतात.

प्रेक्षक असा हिंडत असतां मधूनच दालनांत एक गलका उठतो. मुलांच्या आरोळ्या, हांसणें, पाण्यांत उडी मारल्याचा धप्प असा आवाज, छताला आपटून परत येणारे प्रतिध्वनी. अनोळखी माणूस दचकून मागें वळतो. तेथें कोणी नसतें. तो ध्वनिमुद्रित केलेला आवाज ठराविक वेळानें लावतात. क्षणभरांत तो विरतो आणि पुन्हा पाण्याच्या धारेचा तेवढा आवाज उरतो. बाहेरगांवच्या माणसाला ही एक गंमत वाटते. पण जो साठी-सत्तरीचा रूबेकर लहानपणीं येथेंच नाक दाबून पहिली उडी मारावयास शिकला, त्याला तो आवाज आपल्याच वर्गाचा वाटला तर त्यांत आश्चर्य नाहीं.

संग्रहांतल्या एका वस्तूचा उल्लेख केल्यावांचून हें वर्णन पुरें होणार नाहीं. कामीय क्लोदेल या शिल्पकार स्त्रीनें १८९६ सालीं घडविलेला एका लहान मुलीचा संगमरवरी अर्धपुतळा येथें आहे. मुलीनें मान वर केली आहे, डोळे कोणा मोठ्या माणसाकडे लागले आहेत, आणि त्या डोळ्यांत विश्वास अधिक कीं भय अधिक, हें ठरवितां येत नाहीं. १९९६ सालीं, संग्रहालयाचीं दारें उघडण्याच्या पांच वर्षें आधीं, हा पुतळा विकत घेण्यासाठीं लोकांकडून वर्गणी गोळा करण्यांत आली, आणि त्या वर्गणीच्या साहाय्यानें तो मिळविला गेला. गिरण्या बंद पडत असतांना एका मुलीच्या संगमरवरी चेहऱ्यासाठीं लोकांनीं पैसे द्यावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आतां या साऱ्या कौतुकाला एक उलट बाजू आहे आणि ती डोळ्यांआड करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. रूबे हें आजहि फ्रान्समधील गरीब शहरांपैकीं एक म्हणून ओळखलें जातें. संग्रहालय पाहावयास वर्षाला लाखावर माणसें येतात. त्यांतलीं पुष्कळशीं बाहेरचीं, आगगाडीनें येणारीं, दोन प्रहरीं परत जाणारीं. तेव्हां कोणी असें विचारील कीं, ज्याला आंघोळीला जागा नव्हती त्याच्यासाठीं बांधलेला तलाव ज्याच्या घरीं दोन न्हाणीघरें आहेत त्याच्या करमणुकीला दिला, हा न्याय कोणता? कामगाराची वस्तु त्याच्या हातून काढून घेऊन कांचेंत ठेवली, म्हणजे तिचा मान राखला असें म्हणावयाचें काय? जगांत ठिकठिकाणीं गिरण्यांच्या जागीं दुकानांचे महाल उठले आहेत. त्यांत जुनें धुराडें शोभेसाठीं राखलेलें असतें, आणि त्याच्याखालीं राबलेल्या माणसाला आंत घेण्यासारखें कांहींच नसतें. रूबेचा तलावहि त्याच जातीचा नव्हे कशावरून?

याचें पुरतें समाधानकारक उत्तर कोणी देऊं शकेल असें नाहीं. तथापि कांहीं गोष्टी ध्यानांत घेतल्या पाहिजेत. छत धोक्याचें झालें होतें. तलाव मुळांत बंद पडला तो कलेसाठीं नव्हे. इमारत पाडून टाकणें हा मार्ग मोकळा होताच. ती विकलीहि गेली नाहीं. लबा यांच्या वेळीं ती गांवाची होती आणि आजहि गांवाचीच आहे. तिच्यांत आणून ठेवलेला संग्रहहि गांवाच्याच मागांवरच्या कापडापासून सुरू झालेला आहे. २०१८ सालीं फिलिपों यांच्याच हातून इमारतीचा विस्तार झाला, तेव्हां वाढलेल्या जागेंत रूबेच्या इतिहासासाठीं दालन काढण्यांत आलें. शाळांच्या रांगा पूर्वीं पोहावयास येत, त्या आतां चित्रें काढावयास आणि माती मळावयास येतात. पोहणें गेलें, याची हळहळ खरी आहे. पण मुलांची वाट मोडली नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे.

सर्वांत मोलाचें म्हणजे ही इमारत आपण पूर्वीं कोण होतों हें लपवीत नाहीं. तिनें पाणी टाकलें नाहीं, लाद्या उपटल्या नाहींत, नळ झांकले नाहींत, मुलांचा गलका विसरली नाहीं. लबा यांनीं १९३२ सालीं मजुराला सांगितलें होतें कीं स्वच्छ पाणी, उजेड आणि सुंदर छत यांवर तुझा हक्क आहे. त्यांच्यामागून आलेल्यांनीं त्याच छताखालीं त्याच्या नातवाला सांगितलें कीं चित्र, शिल्प आणि कापडाची नकशी यांवरहि तुझा हक्क आहे. पहिला हक्क आतां घरोघरच्या नळानें भागला आहे. दुसरा अजून भागावयाचा आहे, आणि तो केवळ इमारत उघडी ठेवल्यानें भागत नाहीं. नातवानें आंत पाऊल टाकावें लागतें.

संध्याकाळीं प्रेक्षक निघून जातात. मावळत्या सूर्याच्या खिडकींतून खराच मावळता उजेड येतो आणि पाण्याच्या पट्ट्यावर लांबवर पसरतो. कांठांवरचीं दगडी माणसें त्या उजेडांत कांहीं वेळ तांबूस दिसतात. मुखवट्याच्या तोंडांतून पाणी पडतच असतें. उद्यां सकाळीं पुन्हा एखादा आजोबा नातवाचा हात धरून वरच्या मजल्यावरील एका खोलीपुढें उभा राहील आणि सांगेल कीं माझी खोली हीच. नातवाला आंत एक फुलदाणी दिसेल, आजोबाला साबणाचा वास येईल. दोघेहि आपापल्या परीनें योग्य तेंच पाहत असतील.